पोथी, ताम्रपट, शिवराई : कॅमेरा लावण्याआधीची तयारी

तालुक्याच्या जुन्या वाचनालयात पोथ्या, एखादा ताम्रपट आणि डबाभर शिवराया (शिवकालीन तांब्याची नाणी) असा संग्रह हमखास निघतो. त्याचे फोटो काढायचे ठरले की आधी महिना ठरवा. पावसाळ्यात हातकागद ओलावा धरतो, पानं वाकतात, म्हणून जून ते सप्टेंबर नको. पंखा बंद ठेवूनच काम करायचं असल्यामुळे एप्रिल-मेही बाद. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम.

वस्तू बाहेर न्यायच्या नाहीत, स्टुडिओ तिथे न्यायचा. त्यासाठी खोली आधी पाहून या आणि तळमजल्यावरचीच मागा. माडीवरची लाकडी जमीन कोणी चाललं तरी हलते आणि फोटोही हलतो. भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर ती झाक पानावर उतरते, त्यामुळे काळं कापड भरपूर न्या. खिडक्याही त्यानेच झाका आणि ट्यूबलाइट बंद ठेवा. स्वतः काळे किंवा राखाडी कपडे घाला, पांढरा सदरा धातूवर लख्ख दिसतो. देखभालीसाठी वीज कोणत्या वारी बंद असते तेही विचारून घ्या.

दाखल रजिस्टर आदल्या दिवशीच वस्तूंशी ताडून पाहा. रजिस्टरमध्ये पोथीची ८४ पत्रं (सुटी पानं) आणि हातात ८३ असतील तर ती नोंद ग्रंथपालांच्या सहीने आधी व्हायला हवी, नंतरची वादावादी टळते.

कॅमेरा महागडाच हवा असं नाही. २४ मेगापिक्सेलच्या फ्रेममध्ये आडवे ६००० पिक्सेल असतात. इंचाला ४०० धरले तर १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर रुंदी मिळते, नेहमीच्या पोथीचं पान त्यात मोजपट्टीसकट बसतं. मॅक्रो (जवळून टिपणारी) लेन्स, छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ १००, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल आणि शटर दाबायला केबल किंवा लॅपटॉप. कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा, खाली पाट असलेला स्टँड) नसेल तर आडवा दांडा निघणारा मजबूत ट्रायपॉड चालेल, पण त्याच्या मागच्या बाजूला वजन टांगा. पानावर कोसळलेला कॅमेरा दोघांनाही संपवतो. कॅमेरा सरळ खाली बघतोय ना हे ओळखायला वस्तू ठेवायच्या पाटावर छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मध्यावर आलं की झालं.

दिवे दोन, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, रंग दिवसाच्या उजेडासारखा म्हणजे ५००० ते ५५०० केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) ९५च्या वर. दोन्हीकडून ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. मध्यभागी पेन्सिल उभी धरा. दोन्ही सावल्या सारख्या गडद दिसेपर्यंत दिवे सरकवत राहा. २४ चौकटींचं कलर कार्ड आणि मोजपट्टी वस्तूच्या बाजूला, तिच्याच उंचीवर ठेवा, वस्तूवर नव्हे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो पान उलटणारा माणूस. फोटोग्राफरने पानाला हात लावू नये आणि कामाचा वेगही उलटणाऱ्याने ठरवावा. त्याचे हात धुतलेले, कोरडे असावेत, अंगठ्या उतरवलेल्या. कागदाला हातमोजे नकोत, कापडी मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही आणि तीच फाटते. नायट्राइलचे (पातळ रबरी) मोजे ताम्रपट आणि नाण्यांसाठी राखून ठेवा. पोथीची सुटी पानं पुस्तकासारखी डावीकडे उलटत नाहीत, लांब कडेवरून वर उलटायची, तेव्हा मागचा मजकूर सुलटा येतो. पत्रांक (पानाचा क्रमांक) बहुधा त्या मागच्या बाजूच्या समासात असतो, म्हणून बाजू कोरी दिसली तरी फोटो घ्यायचाच. लेखनिकाने चूक झाकायला लावलेली पिवळी हरताळ दिसली तर पुसू नका. तिच्यात आर्सेनिक असतं. चहाला उठताना हात धुवा.

ताम्रपटाला दोन दिवे कामाचे नाहीत, कोरलेली अक्षरं सपाट होतात. एकच दिवा, जवळजवळ पत्र्याच्या पातळीवर आणि समोर पांढरा थर्माकोल. प्रकाश डावीकडून असेल तर आडव्या रेघा हरवतात, म्हणून दुसरा फोटो पत्र्याच्या वरच्या कडेकडून प्रकाश घेऊन. खालच्या कडेकडून प्रकाश टाकला तर खोदलेली अक्षरं उठावाची भासतात. अक्षरांत खडूची पूड भरायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. पत्रे कडीत ओवलेले असतील तर कडी उघडायची नाही. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर तो इथे काढून ठेवा, धातू त्याने मरगळतो.

शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. झिजलेल्या नाण्यात यातलं अर्धंच दिसतं, तरी चिंच-लिंबाने घासू द्यायचं नाही, आणि हे कार्यकारिणीतल्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा. वजन आणि व्यास तिथेच नोंदवा.

फाइलचं नाव दाखल क्रमांक, पत्रांक आणि बाजू एवढंच, मध्ये जागा न सोडता. रॉवरून बनवलेली १६ बिटची एक टिफ (जपून ठेवायची मोठी फोटो-फाइल) १४४ एमबीच्या आसपास जाते. ३०० पत्रांच्या पोथीचे ६०० फोटो म्हणजे सुमारे ८६ जीबी. तेव्हा हार्ड डिस्क दोन न्या आणि एक वाचनालयाच्याच कपाटात ठेवून या.

पोथी परत रुमालात बांधण्याआधी पानं पुन्हा मोजा, क्रम तपासा आणि रजिस्टरमध्ये तारखेसह ग्रंथपालांची आणि तुमची अशा दोघांच्या सह्या करा.