बाईकची बॅटरी बदलताना काळी वायर आधी सोडा

मराठवाड्यातल्या उन्हात बॅटरी लवकर मान टाकते. सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट वाजलं, तर आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून वायरी घट्ट करून बघा. कधी कधी दोष तेवढाच असतो. बदलायचीच असेल तर चावी बंद करून काळी, म्हणजे मायनसची वायर आधी सोडा, मग लाल. बसवताना लाल आधी, काळी शेवटी. हा क्रम पाळाच! काळी जोडलेली असताना लाल नट सोडायला गेलात आणि पाना चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकला, की ठिणग्या उडतात. टर्मिनलमधला छोटा चौकोनी नट सांभाळा, सांदीत पडला की सापडत नाही. नवी घेताना १२ व्होल्टसोबत एएचचा (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा) आकडाही जुन्या बॅटरीशी जुळवा. जुनी दुकानातच द्या, तिचे पैसे वजा होतात.