अली की मार्सियानो? वेगवेगळ्या काळांतले बॉक्सर भिडवताना या चुका टाळा

"मार्सियानो एकदाबी हरला नाही भो, विषय संपला!" जळगावची टपरी असो की भुसावळची रेल्वे कॉलनी, 1950 च्या दशकातला रॉकी मार्सियानो भारी की 1960-70 च्या दशकांतला मुहम्मद अली, हा बॉक्सिंगचा वाद हमखास या वाक्याशी येऊन अडतो. अडतो कारण बोलणारे दोघं दोन वेगळ्याच लढती मनात धरून बसलेले असतात. एकाच्या मनात 15 राउंड, दुसऱ्याच्या 12. एकाचा अली 1966 चा, दुसऱ्याचा 1980 चा.

दंगली पाहत वाढलेल्या खान्देशी माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. मातीतला पैलवान गादीवर आणून समोर सहा मिनिटांचं घड्याळ लावलं, की कुस्तीच बदलते. बॉक्सिंगचंही तेच आहे.

राउंड न ठरवता निकाल देणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पूर्वी जगज्जेतेपदाची लढत 15 राउंडची असे. नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीशी लढल्यानंतर कोरियाचा किम डुक-कू मरण पावला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने लढत 12 राउंडवर आणली आणि त्याच दशकात बाकीच्या संघटनाही 12 वर आल्या.

तीन राउंडने काय बिघडतं? 1941 मध्ये जगज्जेत्या जो लुईविरुद्ध बिली कॉन 12 राउंड संपले तेव्हा गुणांवर पुढे होता. तेराव्यात लुईने त्याला झोपवलं. 1952 मध्ये मार्सियानो जगज्जेत्या वॉलकॉटविरुद्ध तिन्ही जजांच्या गुणपत्रकांवर मागे होता. त्यानेही तेराव्यातच एका उजव्या ठोशात काम संपवलं. आजच्या नियमांनी कॉन जिंकला असता, वॉलकॉटचा जगज्जेतेपदाचा पट्टा वाचला असता आणि मार्सियानोचा तो सुप्रसिद्ध 49-0 चा (49 विजय, एकही हार नाही) आकडा अस्तित्वातच नसता. म्हणून आधी कागदावर 12 की 15 लिहा. तुमचा माणूस उशिरा तापणारा असेल, तर या एका ओळीवर निकाल फिरतो.

राउंडसोबत हवाही लिहा. 1915 मध्ये हवानात जॅक जॉन्सन आणि जेस विलार्ड यांची लढत 45 राउंडची ठरली होती. उघड्या मैदानावर, उन्हात. ती सव्विसाव्या राउंडमध्ये संपली. भुसावळचा मे महिना अंगावर काढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वातानुकूलित हॉलमधला 12 राउंडचा दम तिथे मोजपट्टी म्हणून चालत नाही.

"हेवीवेट म्हणजे हेवीवेट" असं धरणं

1919 चा डेम्प्सी साधारण 85 किलोचा होता, मार्सियानो 84-85 चा आणि 1938 चा लुई 90 चा. आज क्रूझरवेटची (हेवीवेटहून हलक्या गटाची) मर्यादा 90.7 किलो आहे, म्हणजे हे तिघेही हेवीवेट जगज्जेते क्रूझरवेटमध्ये बसतील. डिसेंबर 2024 मध्ये युक्रेनच्या उसिकविरुद्ध उतरलेला टायसन फ्युरी 127 किलोंवर होता. आता कोणी म्हणेल की डेम्प्सीनेही 111 किलोच्या विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं. खरं आहे. पण तेव्हा पडलेल्याच्या अगदी जवळ उभं राहून, तो गुडघा उचलतो न उचलतो तोच पुन्हा मारता येत असे. समोरचा पडला की दूरच्या कोपऱ्यात जायचा नियम आल्यावर 1927 मध्ये हाच डेम्प्सी जगज्जेत्या टनीला पाडून जागेवरच रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनी सावरला. विलार्डला पाडणारा डेम्प्सी आजच्या नियमांत उतरवायचा असेल, तर त्याची निम्मी धार आधी वजा करा.

उलटंही पाहा. उसिकने 2024 मध्ये फ्युरीला दोनदा गुणांवर हरवलं तेव्हा तो वजनाने बराच हलका होता. किलो मोजा, पण किलोवर थांबू नका. उंची, हातांचा पल्ला आणि पायांची चाल शेजारी लिहा.

साखळी लावणं

फ्रेझरने अलीला हरवलं (1971). फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडून संपवलं (1973). नॉर्टनने अलीचा जबडा मोडला (1973) आणि फोरमनने नॉर्टनलाही दुसऱ्याच राउंडमध्ये उडवलं (1974). या साखळीने अली फोरमनपुढे टिकायलाच नको होता. त्याच वर्षी किन्शासात आठव्या राउंडमध्ये फोरमन खाली पडलेला दिसला. शैली शैलीला अडते. बेरीज-वजाबाकी इथे चालत नाही.

वर्ष न लिहिता नाव लिहिणं

"माइक टायसन" हे उत्तर अपुरं आहे. 1988 मध्ये स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवणारा टायसन आणि 2002 मध्ये लेनॉक्स लुइसकडून हरलेला टायसन ही दोन वेगळी माणसं समजा. मार्सियानोने 1951 मध्ये हरवलेला जो लुईही 37 वर्षांचा होता. विक्रमातली नावं मोजताना त्या दिवशीचं वय बाजूला लिहिलं नाही, तर आकडा फुगतो.

जुनी फिल्म पाहून "हे तर माकडासारखे उड्या मारतात" म्हणणं

मूकपटाच्या काळातलं चित्रण सेकंदाला 16-18 चौकटींनी झालेलं असतं. ते 24 ने चालवलं की सगळे धावत सुटतात. तपासायची सोपी युक्ती: न कापलेल्या राउंडला घड्याळ लावा. तीन मिनिटांचा राउंड सव्वादोन मिनिटांत संपला, तर व्हिडिओचा वेग 0.75 करा आणि मग मत द्या. 1920 च्या दशकातल्या हॅरी ग्रेबबद्दल तर जपूनच बोला. टनीला हरवणारा तो एकमेव, पण त्याच्या लढतीचं चित्रणच उपलब्ध नाही.

आपल्या ऑलिम्पिकवाल्यांना भिडवतानाही हेच पथ्य पाळा. विजेंदर 2008 मध्ये दोन-दोन मिनिटांचे चार राउंड लढला, तेही हेडगार्ड घालून, आणि जजांनी बटणं दाबून गुण मोजले. आज तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, दहा गुणांची पद्धत (राउंड जिंकणाऱ्याला 10), पुरुषांना हेडगार्ड नाही. ते गुण आजच्या गुणांशेजारी ठेवू नका.

"कॉम्प्युटरने सांगितलं"

मार्सियानो आणि अली यांनी 1969 मध्ये कॅमेऱ्यापुढे लुटुपुटूचे राउंड खेळले आणि जानेवारी 1970 मध्ये ती "कॉम्प्युटर लढत" थिएटरांत लागली. अमेरिकेतल्या प्रतीत मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकला, युरोपातल्या प्रतीत अली. यंत्र तेच, गिऱ्हाईक वेगळं.

आता हीच लढत नीट मांडून पाहू. अली नोव्हेंबर 1966 चा, 96 किलो, पल्ला 78 इंच. मार्सियानो सप्टेंबर 1952 चा, 84 किलो, पल्ला 68 इंच. 12 राउंड ठेवले तर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांवर अली आरामात गुण घेतो. 15 ठेवले तर मार्सियानोला शेवटचे तीन राउंड मिळतात, आणि तो तिथेच सर्वांत घातक. पण कातडी फाटण्याची भीतीही तिथेच वाढते: 1954 मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक असं फाडलं होतं की लढत थांबायची वेळ आली होती. रेफरी 1950 च्या दशकातला धरला तर लढत चालू राहते, आजचा डॉक्टर धरला तर बहुधा नाही.