गाडी उचलायला जॅक, पेलायला स्टँड

इंजिन ऑइल बदलणे, सायलेन्सरचे तुटलेले रबर नवे बसवणे किंवा एखादी गळती शोधणे ही कामे घरच्या आवारात करता येण्याजोगी आहेत. मात्र लहान हॅचबॅकचे वजनसुद्धा साधारण ८०० ते १००० किलो असते, आणि त्याचा थोडा भाग जरी छातीवर आला तरी हाक मारण्यापुरताही श्वास उरत नाही. म्हणून हातात पाना घेण्याआधी गाडी कशावर उभी राहणार आहे, याचा पक्का विचार करावा.

गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक चाक बदलण्यापुरताच बनवलेला असतो. त्याचा तळ अरुंद असल्यामुळे गाडी जराशी सरकली तरी तो कलंडतो. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक दणकट दिसतो, पण त्याचा सारा आधार दाबाखालच्या तेलावर आणि ते अडवणाऱ्या सीलवर असतो, आणि सील पूर्वसूचना न देताही दगा देऊ शकते. जॅकने गाडी फक्त उचलावी. तिचे वजन पेलण्यासाठी लोखंडी जॅक स्टँडची जोडी हवीच. स्टँडवर लिहिलेली क्षमता एकाची आहे की जोडीची, हे विकत घेतानाच वाचून घ्यावे. स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही लावू नयेत, कारण एका बिंदूवर भार आला की ते अचानक फुटतात.

आपल्याकडे खरी अडचण जमिनीची असते. इमारतींच्या आवारात पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार दिलेला असतो, पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवलेले असतात आणि मे महिन्यात डांबर मऊ पडते. एका पावसाळ्यात माझ्या स्टँडचा एक पाय दोन ब्लॉकच्या सांध्यावर आला होता. खाली शिरण्याआधी गाडी हलवून पाहिली तेव्हा तो बोटभर खचला. तेव्हापासून प्रत्येक स्टँडखाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा रुंद तुकडा ठेवल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. उतार डोळ्यांना जाणवण्याइतका असेल, तर जागाच बदलावी.

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. अशा वेळी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोकाव्यात. पुढची बाजू उचलायची असेल, तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना त्याच पद्धतीने पाचरी लावाव्यात. चाक काढायचे असल्यास त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅक आणि स्टँड कुठे लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेले असते. ऑइल संप (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) किंवा तळाचा नुसता पत्रा हे आधाराचे ठिकाण नव्हे. गाडी स्टँडवर टेकली की तिला बाजूने चांगला जोर लावून हलवून पाहावे, आणि मोकळी स्टेपनी किंवा काढलेले चाक गाडीच्या उंबऱ्याखाली, म्हणजे दारांखालच्या कडेखाली, आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे सारे चुकले तरी अंग मावण्याइतकी फट राहते.

आता आरामाविषयी, कारण अवघडलेला माणूस घाई करतो आणि चुका तिथेच होतात. कोपर दुमडून पाना फिरवता येईल इतकी उंची ठेवावी. पाठीवर झोपून गाडीखाली सरकण्यासाठी मिळणारी चाकांची फळी पेव्हरच्या सांध्यांत अडकते. त्यापेक्षा फ्रीजचे खोके उलगडून अंथरावे, म्हणजे ते पाठीलाही बरे आणि सांडलेले ऑइलही शोषते. मानेखाली जुन्या टॉवेलची घडी घ्यावी, नाहीतर पंधरा मिनिटांत मान भरून येते. वरून गंज आणि वाळलेला चिखल थेट डोळ्यांत पडतो, म्हणून बाजू बंद असलेला गॉगल घालावा. नंबरचा चष्मा पुरत नाही. उजेडासाठी डोक्याला बांधायचा बॅटरीवरचा एलईडी दिवा वापरावा. ओल्या जमिनीवर घरच्या विजेचा दिवा ओढत नेऊ नये.

खाली असताना इंजिन कधीही चालू नसावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात असावी. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो, त्यामुळे बोटे त्याच्यापासून दूर ठेवावीत. ऑइल कोमट असतानाच काढावे. गरम सायलेन्सरचा नुसता स्पर्शही कातडी भाजतो. घट्ट बोल्टवर लांब पाइप लावून हिसके देऊ नयेत, कारण तो जोर आडवा जाऊन गाडी स्टँडवरून सरकू शकते. घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून ठेवावे, मुलांना लांब ठेवावे आणि मोबाइल हाताशी असावा. पेट्रोलची टाकी किंवा गिअरबॉक्स उतरवण्याचे काम मात्र घरी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम झाले की हत्यारे मोजून घ्यावीत, गाडीखाली मांजर किंवा कुत्रा शिरलेला नाही हे पाहावे, मगच गाडी किंचित उचलून स्टँड काढावेत आणि जॅक हळूहळू सैल करावा. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्यावे. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी त्यावर ताजा थेंब पडला आहे का, ते पाहावे.