नडगीचं दुखणं लपवू नका: ट्रेनिंगला जाणाऱ्या पोरांनी या चुका टाळा

फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातली सहा पीटी उस्ताद म्हणून. आता गावाकडे भरतीची पोरं पळवतो. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

१६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले की पोरगं समजतं, तयारी झाली. मग निकाल ते रिपोर्टिंग हारतुरे आणि जेवणावळी, अन् शेवटच्या पंधरा दिवसांत डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर. अरे, ट्रेनिंग सेंटरला पहाटे पीटी, मग बूट घालून ड्रिल. पाय दिवसभर आपटतात. ताण पडला की शरीर आधी जुनं हाड काढतं आणि नवं मागून सावकाश भरतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी सगळ्यात कच्ची असते. दम लवकर वाढतो, हाड नाही.

माझ्या प्लाटूनमध्ये एक पोरगा पळण्यात कायम पहिल्या पाचांत. नडगी दुखायला लागली, पण रेलिगेट होईन, म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकलला जाईन, या भीतीनं बोलला नाही. शेजारच्या खाटेवरून गोळ्या मागून खायचा. मला लंगडताना दिसला, तर म्हणाला, "उस्ताद, बूट चावतोय." मी मानलं, ती माझी चूक. आठव्या दिवशी पळता पळता खाली बसला तो उठलाच नाही. एक्सरेत हाडाला आरपार चीर. वेळेत सांगितलं असतं तर काही आठवड्यांच्या आरामावर भागलं असतं. बॅचची कसम परेड त्यानं कुबड्यांवर उभं राहून बघितली.

तेव्हापासून रात्रीच्या रोलकॉलनंतर प्रत्येकाला अंगठ्यानं नडगी वरून खाली दाबायला लावायचो. सगळीकडे ठसठस असेल तर पळणं कमी. बोटभर जागेत कळ आली की सरळ एमआय रूम, म्हणजे फौजेचा दवाखाना.

दुखण्याची गोळी खाऊन उन्हात पळू नका, किडनी जाऊ शकते. आणि महिन्यात अंग भरून देतो म्हणत इंजेक्शन टोचणाऱ्यांच्या दारातही उभं राहू नका.

रगडा, म्हणजे उस्ताद शिक्षा म्हणून घामटं काढतो ते, मनाला लावून घेणं ही दुसरी मोठी चूक. "उस्ताद माझ्यावरच खार खातो" असं प्लाटूनमधल्या चाळीसही जणांना वाटतं. पहिले तीन आठवडे पळून जावंसं वाटतंच, त्यात लाज नाही, बडीला, म्हणजे आपल्या जोडीदाराला, सांगा. सुट्टीचे दिवस मोजू नका, पुढच्या जेवणापर्यंतचा वेळ मोजा. आणि आईबापांनो, रविवारी पोराचा फोन आला की कर्जाचा विषय काढू नका. म्हैस व्याली का, एवढं सांगा.