कोकणी ताटाचे उष्मांक: काय मोजावे आणि काय सोडू नये

वजन कमी करायचे ठरले की कोकणातल्या घरात पहिली गदा भातावर येते, दुसरी नारळावर, आणि काही दिवसांनी बांगड्यालाही ‘तेलकट मासा’ म्हणून ताटाबाहेर काढले जाते. त्यांच्या जागी पाकिटातली ‘डाएट’ बिस्किटे आणि भाजका चिवडा येतो, कारण या वस्तूंच्या वेष्टनावर उष्मांकांचा आकडा छापलेला असतो आणि घरी केलेल्या कुळथाच्या पिठीवर तो नसतो. ज्याचा आकडा कळतो ते खायचे आणि ज्याचा कळत नाही ते टाळायचे, अशी ही उलटी निवड होऊन बसते. ती होऊ नये म्हणून शरीराला काय हवे हे आधी ठरवावे आणि उष्मांकांची मोजणी ‘किती’ या एका प्रश्नापुरतीच वापरावी.

उष्मांक हे फक्त ऊर्जेचे माप आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून सुमारे ९ उष्मांक मिळतात. त्या अन्नात लोह किती, कॅल्शियम किती, तंतू आहेत की नाहीत, याचा पत्ता या आकड्यावरून लागत नाही. २५ ग्रॅम ग्लुकोज बिस्किटे आणि ३५ ग्रॅम कुळथाचे पीठ यांचे उष्मांक जवळपास सारखे, म्हणजे ११० ते ११५ भरतात. बिस्किटांतून मात्र जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि बाकीचा भाग मैदा, साखर व तेल यांचा असतो, तर कुळथातून साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि त्यांच्यासोबत तंतू व लोहही मिळते. पिठीच्या फोडणीला छोटा चमचाभर तेल लागते आणि त्याचे ४० उष्मांक वर मोजावे लागतात, हे खरे आहे. तरीही प्रथिने आणि तंतू भूक लांबवत असल्यामुळे पोट भरण्याच्या बाबतीत या दोहोंची बरोबरी होत नाही.

आपल्याला दिवसाला किती ऊर्जा लागते याचा अंदाज आधी बांधावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे २,११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे १,६६० उष्मांक लागतात. मध्यम श्रमाचे काम असेल तर हेच आकडे अनुक्रमे २,७१० आणि २,१३० होतात. म्हणूनच बँकेत बसणाऱ्या माणसाचा आकडा होडीवर जाळे ओढणाऱ्या खलाशाला किंवा आषाढात दिवसभर लावणीला वाकलेल्या बाईला लावणे चुकीचे आहे. वजन उतरवायचे असल्यास आपल्या गरजेतून रोज ३०० ते ५०० उष्मांक कमी करणे पुरेसे असते. त्याहून घाई केली तर वजनाबरोबर स्नायूही उतरतात, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १,२०० च्या खाली तर कोणीही जाऊ नये.

यानंतर ताट मांडायचे, आणि ते मांडताना भाताचा नंबर शेवटी लावायचा. पहिली जागा प्रथिनांना द्यावी. वर सांगितलेल्या शिफारशींत पुरुषासाठी ५४ ग्रॅम आणि स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने रोज सुचवली आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ही गरज भागवणे अवघड नाही, कारण १०० ग्रॅम माशातून साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यातही पापलेट आणि सुरमईच्या मागे लागण्याचे कारण नाही. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त मासेच ओमेगा-३ या उपयुक्त स्निग्धांशाने समृद्ध असतात, आणि ज्या तेलकटपणामुळे त्यांना नावे ठेवली जातात त्यातच हा स्निग्धांश असतो. पेडवे किंवा मांदेली मऊ काट्यांसकट खाल्ली तर कॅल्शियमही पदरात पडते. शाकाहारी घरांत ही जागा कुळीथ, चवळी, काळे वाटाणे, वाल, ताक आणि दही यांची. उसळ चमचाभर तोंडी लावण्यापुरती न घेता भरली वाटी घ्यावी.

दुसरी जागा भाजीची, विशेषतः पालेभाजीची. स्त्रियांना रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषांना १९. म्हणजे उष्मांक कमी लागणाऱ्या व्यक्तीला लोह जास्त लागते, आणि केवळ उष्मांक मोजणाऱ्या बायकांचे नुकसान नेमके इथे होते. पालेभाज्या आणि कडधान्यांतले लोह शरीरात चांगले शोषले जावे म्हणून त्यांच्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू यांसारखे ‘क’ जीवनसत्त्व देणारे काहीतरी असावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. निदान तासभर जाऊ द्यावा. कॅल्शियमसाठी केवळ अळूवर विसंबून चालत नाही, कारण अळूतल्या ऑक्झलेटमुळे ते नीट मिळत नाही. १०० ग्रॅम नाचणीत मात्र साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून तीन-चारदा तरी ताटात असावी.

मोजणीची खरी गरज यापुढे लागते. आपल्या स्वयंपाकात उष्मांक मुख्यतः तीन ठिकाणी नकळत वाढतात: भात, खोबरे आणि तेल. काकडी, मुळा, कोकमे, कोथिंबीर यांचे वजन करत बसण्यात वेळ घालवू नये. या तिघांवर मात्र बारीक लक्ष ठेवावे.

भाताच्या बाबतीत नेहमी होणारी गफलत म्हणजे कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची सरमिसळ. १०० ग्रॅम तांदळाचे सुमारे ३५० उष्मांक असतात, पण शिजताना तो पाणी धरून जवळपास तिप्पट होतो, त्यामुळे १०० ग्रॅम भाताचे साधारण १३० च भरतात. ताटातल्या १५० ग्रॅम भाताची नोंद कोणी मोबाइलमधल्या अ‍ॅपवर कच्चा तांदूळ म्हणून केली, तर १९५ च्या जागी ५२५ दिसतात आणि बिचाऱ्या भाताला उगाच दोष लागतो. शक्यतो तांदूळ कच्चाच मोजावा: माणशी ६० ग्रॅम तांदूळ म्हणजे २१० उष्मांक, मग भात मोकळा होवो की आसट. सकाळची उकड्या तांदळाची पेज सोडण्याचीही गरज नाही. तांदूळ तुसासकट उकडला जात असताना कोंड्यातली काही ‘ब’ जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि पेजेत वरचे पाणीही पोटात जाते. तिच्यासोबत लोणचे-पापडाऐवजी चवळीची उसळ किंवा एखादे उकडलेले अंडे असले की न्याहारी पुरी होते.

खोबऱ्याला शत्रू मानू नये, पण त्याला डोळे झाकून मोकळीकही देऊ नये. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याचे ३५० ते ४०० उष्मांक होतात, तर तेवढ्याच सुक्या खोबऱ्याचे साडेसहाशेच्या घरात जातात. मालवणी वाटपात पुष्कळदा दोन्ही असतात, म्हणून नोंद करताना कोणते किती घातले हे वेगळे लिहावे. खोबऱ्यातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त प्रकारचा असल्यामुळे हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी हात आणखी आखडता घ्यावा. मात्र पालेभाजीवर पेरलेले चमचाभर खोबरे वाया जात नाही. पालेभाजीतले कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच.

घरच्या पदार्थाचे उष्मांक काढायचे ते पूर्ण टोपाचे. चौघांसाठी बांगड्याचे कालवण घेऊ. साफ केलेल्या बांगड्यांचे खाण्याजोगे मांस ४०० ग्रॅम, त्याचे साधारण ५२० उष्मांक. वाटपातले ओले खोबरे १०० ग्रॅम, सुमारे ३५०. तेल १० ग्रॅम, ९०. कांदा, मिरची, धणे, कोकम मिळून ४० धरावेत. एकूण १,००० झाले, म्हणजे माणशी २५० उष्मांक आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने. त्यावर ६० ग्रॅम तांदळाचा भात आणि वाटीभर पालेभाजी घेतली तरी अख्खे जेवण साडेपाचशेच्या आसपास राहते. आता यातले खोबरे निम्मे केले तर माणशी सुमारे ४५ उष्मांक वाचतात आणि प्रथिनांत फारसा फरक पडत नाही. उलट मासा निम्मा केला तर वाचतात ६५, पण १० ग्रॅम प्रथिने हातची जातात. कात्री कुठे लावायची, हे अशा हिशेबावरून कळते. वाट्या सारख्या भरत नसतील तर रिकाम्या टोपाचे वजन आधी करून ठेवावे, भरलेल्या टोपाच्या वजनातून ते वजा करावे आणि आपल्या वाटीचा वाटा काढावा. एकदा काढलेला आकडा स्वयंपाकघरातल्या वहीत लिहून ठेवला की पुढच्या वेळी हे करावे लागत नाही.

तेलाचा अंदाज हमखास चुकतो. रवा लावून तळलेली तुकडी किती तेल पिते हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी तव्यावर घेतलेले तेल आधी मोजावे, तळणे संपल्यावर उरलेले पुन्हा मोजावे आणि फरक तुकड्यांवर वाटावा. दर ग्रॅमला ९ उष्मांक हे लक्षात ठेवले म्हणजे झाले. तळलेला मासा आठवड्यातून एखाद्या दिवशी ठेवून बाकीच्या दिवशी तिरफळे घातलेले तिखले करावे, ज्यात खोबरे नसते किंवा नावापुरते असते, अथवा केळीच्या पानात गुंडाळून मासा भाजावा.

पेयांकडे दुर्लक्ष होते, कारण ती जेवणात धरली जात नाहीत. चार कप चहात कपागणिक दोन छोटे चमचे साखर गेली तर दिवसाचे १६० उष्मांक केवळ साखरेचे होतात. कोकम सरबताच्या तयार पाकातही साखरच जास्त असते. त्याऐवजी आगळ (कोकमाचा खारा रस), पाणी, मीठ आणि जिरेपूड यांचे बिनसाखरेचे सरबत करावे.

कोकणातले ताट वर्षभर सारखे राहत नाही, त्यामुळे एकच तक्ता बारा महिने चालत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा ताजा मासा कमी मिळतो आणि सुकट, जवळा, सोडे बाहेर निघतात. सुक्या माशांतून थोड्या वजनात पुष्कळ प्रथिने मिळतात, पण खारवलेल्या माशांत मीठ फार असते, आणि दिवसभरातले एकूण मीठ तर पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे असते. म्हणून खारा मासा पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्यावा आणि त्या जेवणात लोणचे-पापड टाळावेत. याच दिवसांत टाकळा, भारंगी, फोडशी, शेगलाचा पाला मिळतो. थोड्या उष्मांकांत त्या पुष्कळ पोषण देतात, म्हणून या भाज्या मिळतील तेव्हा पोटभर खाव्यात. फक्त रानभाजी जाणत्या माणसाकडूनच घ्यावी आणि नीट शिजवावी.

वैशाखात आंब्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. हापूसच्या १०० ग्रॅम गराचे सुमारे ६० उष्मांक होतात, म्हणजे मध्यम आकाराचा एक आंबा शंभरच्या आतबाहेर. तो चहा-बिस्किटांच्या जागी खावा. साखर घातलेला आमरस आणि चार पुऱ्या यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्या दिवशी भात वगळणे सरळ पडते.

वजनकाटा दोन-तीन आठवडे नियमाने वापरला की आपल्या वाटीत भात किती आणि पळीत तेल किती हे नजरेला कळू लागते. त्यानंतर रोज मोजण्याची गरज राहत नाही. ऋतू बदलला किंवा वजन अडून राहिले की पुन्हा आठवडाभर मोजावे. स्वतःचे वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर पाहावे आणि महिन्याचा कल लक्षात घ्यावा. केस गळू लागले, पाळी चुकली, सतत थंडी वाजू लागली, किंवा पंगतीत बसल्यावरही डोक्यात आकडेच फिरू लागले, तर मोजणी तिथेच थांबवावी, पोटभर जेवावे आणि डॉक्टरांना भेटावे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढीची मुले यांच्यासाठी ही मोजणी नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असणारे आणि पूर्वी कधी खाण्याविषयीच्या आजारातून गेलेले यांनी ताटात कोणताही मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारावे. जाताना वर सांगितलेली स्वयंपाकघरातली वही सोबत न्यावी, म्हणजे त्यांना घरातले खरे जेवण पाहून सल्ला देता येईल.