सिकलसेलचा क्रायसिस आला की पहिला तास वाया जातो तो या चुकांमुळे

सिकलसेल या रक्ताच्या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढे रक्तच पोचत नाही, म्हणून एवढ्या कळा येतात, यालाच क्रायसिस म्हणतात. बाहेरून मात्र बऱ्याचदा काहीच दिसत नाही आणि इथेच सगळा घोळ होतो.

पहिली चूक म्हणजे "सकाळपर्यंत बघू". डॉक्टरांनी सांगून ठेवलेली गोळी दिली, पाणी पाजलं, शेक दिला, तरी उतार नाही तर निघायचं. बर्फ अजिबात लावू नका, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. आणि हो, गोळी द्यायच्या आधी ताप मोजा, कारण पॅरासिटामॉलने ताप दबतो आणि 38.5 सेल्सिअस म्हणजे 101.3 फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर दुखणं कमी असलं तरी लगेच हॉस्पिटल. कोणती गोळी किती वाजता दिली ते फोनमध्ये लिहून ठेवा, धावपळीत आठवत नाही.

कॅज्युअल्टीत "पाय दुखतोय" एवढंच सांगितलं की नंबर मागे गेलाच समजा. थेट सांगा, "सिकलसेल आहे, क्रायसिस आलाय, दुखणं दहापैकी नऊ, घरची औषधं देऊन झालीत." अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटोलॉजीच्या 2020 च्या गाइडलाइनप्रमाणे पोचल्यापासून 1 तासाच्या आत दुखण्याचं औषध मिळायला हवं आणि मग दर 30 ते 60 मिनिटांनी परत विचारून, लागला तर पुढचा डोस. त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवून ठेवणं चूकच, हिमोग्लोबिन नेहमीइतकं असलं तरी क्रायसिस असू शकतो, तो नाही असं ठरवणारी टेस्टच नाही. लहान मुलाची नस सापडत नसेल तर काही ठिकाणी नाकातून फेंटानिल हे दुखणं थांबवणारं कडक औषध देतात, विचारा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "मोबाईल बघतोय म्हणजे नाटक करतोय" या बोलण्याची. अरे, लहानपणापासून सोसणारी ही पोरं मन दुसरीकडे गुंतवूनच ते सहन करतात, नाडी-बीपी नॉर्मल असलं तरी दुखत असतं! त्यात मुलांचा वॉर्ड सुटून मोठ्यांकडे गेलं की सगळेच अनोळखी, मॉर्फिन या कडक वेदनाशामकाचं नाव काढलं तरी नशेसाठी मागतोय की काय अशा संशयाने बघतात. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्या: वजन, ॲलर्जी, नेहमीचं हिमोग्लोबिन, कोणतं औषध लागू पडतं आणि किती डोस. त्याचा फोटो पोराच्या स्वतःच्या फोनमध्येही हवा, प्रत्येक वेळी आईबाबा सोबत असतीलच असं नाही.

आणि सगळंच नेहमीचं दुखणं समजू नका. छातीत दुखून धाप लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, लहान मुलाचं पोट डावीकडे फुगून चेहरा पांढराफटक पडणं, यात एक मिनिट थांबू नका. मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहून दुखतं तेसुद्धा याच आजारामुळे, पोरं लाजेपायी लपवतात, चार तासांवर गेलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं, तेव्हा हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांगून ठेवा.