हरवलेल्या पाकिटाची बातमी वाचून प्रतिक्रिया कशी लिहावी

माणसाच्या वागणुकीवरील संशोधनाची बातमी आली की तिच्यावर बोलायला कोणाला आमंत्रण लागत नाही. विषय माणसाचा असल्यामुळे प्रत्येक जण स्वतःला त्यातला जाणकार समजतो, आणि मग ‘यात नवीन ते काय?’ किंवा ‘आमच्याकडे असे होणे नाही’ अशा ठरावीक शेऱ्यांवर प्रकरण मिटते. याहून बरे काही लिहायचे असेल तर ते कसे लिहावे, हे 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाच्या आधारे पाहू.

बातमीचा विषय कळला की निष्कर्ष वाचण्यापूर्वी थांबावे आणि आपला अंदाज एका ओळीत लिहून ठेवावा. प्रश्न असा होता की, हरवलेल्या पाकिटात पैसे असतील तर ते परत येण्याची शक्यता वाढते की घटते? बहुतेकांचे उत्तर ‘घटते’ असेच असते. संशोधकांनी विचारले तेव्हा सामान्य लोकांनी तेच सांगितले होते आणि अर्थतज्ज्ञांचाही अंदाज चुकला होता. प्रत्यक्षात पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्के, तर पैसे असलेल्यांपैकी सुमारे 51 टक्के पाकिटांबाबत मालकाशी संपर्क साधला गेला. अंदाज आधी लिहिलेला नसेल, तर ‘मला हे वाटलेच होते’ असे मन लगेच सांगू लागते आणि प्रतिक्रियेतला खरा भाग, म्हणजे आपल्याला वाटलेले आश्चर्य, हातचा जातो.

यानंतर नेमके काय केले गेले ते शोधावे. मला विचाराल तर निम्मा वेळ याच कामाला द्यावा. अलेन कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 देशांतील 355 शहरांत 17 हजारांहून अधिक पाकिटे वापरली. ही पाकिटे रस्त्यावर टाकलेली नव्हती. बँक, टपाल कार्यालय, हॉटेल, पोलीस ठाणे अशा ठिकाणी काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या हाती ती दिली जात, आणि ‘हे बाहेर सापडले, मी घाईत आहे, तुम्ही जरा बघाल का?’ अशा अर्थाचे काही बोलून देणारा निघून जाई. पाकीट पारदर्शक असल्याने आतले सगळे न उघडताच दिसे: एक किल्ली, स्थानिक भाषेतील वाणसामानाची यादी, आणि मालकाचे नाव व ईमेल पत्ता असलेली व्हिजिटिंग कार्डे. मालकाला ईमेल आला की ते पाकीट ‘परत केले’ असे धरले जाई.

एवढा तपशील हाती आला की प्रतिक्रिया आपोआप नेमकी होते. काउंटरमागच्या खुर्चीत स्वतःला बसवून पाहावे. समोर रांग आहे, पाकीट हातात आहे आणि कार्डावर फोन नंबर नाही. आपल्याकडचा कारकून अशा वेळी ईमेल लिहायला बसेल, की पाकीट खणात ठेवून मालक विचारत येण्याची वाट पाहील? ही शंका रास्त आहे आणि ती लिहावी. मात्र तिच्या जोरावर ‘हे संशोधन पोकळ आहे’ असा निकाल देऊ नये, कारण पैशांमुळे प्रमाण वाढले ही गोष्ट 40 पैकी 38 देशांत दिसली आणि ईमेलचा अडथळा पैसे असलेल्या व नसलेल्या पाकिटांना सारखाच होता. कोणत्या देशात किती पाकिटे परत आली यावरून लावलेल्या क्रमवारीला मात्र त्या शंकेचा धक्का नक्कीच बसतो. त्यामुळे ‘अमुक देशाचे लोक अप्रामाणिक’ हे वाक्य, मथळ्यात कितीही ठसठशीत छापलेले असले, तरी आपल्या लिखाणात येऊ देऊ नये.

स्वतःचा अनुभव जरूर सांगावा, पण पुरावा म्हणून नव्हे. बसमध्ये विसरलेली पिशवी कंडक्टरने डेपोत जमा केली, या एका घटनेने कोणतीही टक्केवारी खरी किंवा खोटी ठरत नाही. परंतु तो तसा का वागला असावा, हा प्रश्न त्या अनुभवातून विचारता येतो, आणि तिथे प्रयोगातली किल्ली कामी येते. काही देशांत संशोधकांनी किल्ली नसलेली पाकिटेही दिली, तेव्हा परतीचे प्रमाण घटले. किल्लीचा उपयोग फक्त मालकालाच असल्याने, लोकांना त्याची काळजी वाटते असा अर्थ त्यांनी काढला. शिवाय रक्कम मोठी असेल तर पाकीट ठेवून घेणे स्वतःच्याच नजरेत चोरी ठरते, असेही त्यांचे स्पष्टीकरण आहे. यातले कोणते कारण आपल्याला पटते आणि का, हे लिहिताना ‘मला वाटते’ हे शब्द संकोच न करता वापरावेत. निष्कर्ष सांगताना मात्र ते वापरू नयेत.

लिहून झाल्यावर तारीख घालावी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चीनमधील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला आणि ईमेलबरोबरच पाकीट सांभाळून ठेवले होते का, हेही तपासले. तेव्हा ईमेल न करताही पाकीट जपून ठेवणारे बरेच जण निघाले. अशी भर पडली की जुनी प्रतिक्रिया खोडू नये. तिच्याखाली नव्या तारखेने पुढची नोंद करावी.